सहा डॉलरची कॉफी आणि फुकटचा धबधबा

ताईंना सप्रेम नमस्कार,

मी कराडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. आमचे हे एस.टी.त होते, हिशेब खात्यात. एप्रिलअखेरीस आम्ही दोघं मुलाकडे आलो आहोत, अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला. मुलगा इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सूनही नोकरी करते, आठवड्यातले दोन दिवस घरून. घर छान आहे, पण बाहेर पडलं की ना फुटपाथ ना बस. शनिवारी मुलगा आम्हाला गावात, म्हणजे ‘डाउनटाउन’ला नेतो. फार देखणं आहे हो ते! पण मागच्या शनिवारी चौघांची कॉफी आणि केक मिळून चाळीस डॉलर झाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अरे, साडेतीन हजार रुपये!’ मुलगा चिडला. ‘आई, तो गुणाकार बंद कर आधी,’ म्हणाला. तेव्हापासून मी पाय दुखतात असं सांगून घरीच बसते. हे तर टीव्हीसमोरून हलत नाहीत. अजून चार-साडेचार महिने काढायचे आहेत. फारसा खर्च न करता तिथे करण्यासारखं काही आहे का, की आम्ही आपलं घरीच बसावं?

– कराडची एक आई, मुक्काम ग्रीनव्हिल

वहिनी,

तुम्ही मला ताई म्हटलंत, तेव्हा मी तुम्हाला वहिनी म्हणणार. म्हणजे तुमच्या ह्यांनाही चार कामं हक्काने सांगता येतील.

माझी मुलगी याच गावात राहते. मी तिच्याकडे दोनदा मुक्काम करून आले, २०१८ मध्ये आणि मग २०२२ मध्ये. पहिल्या वेळी डॉलर सत्तरीच्या आसपास होता, तरी मी आइस्क्रीमच्या दुकानात जावयासमोर मोठ्याने गुणाकार केला होता. तेव्हा ‘गुणाकार बंद करा’ असं मी काही सांगणार नाही. एकतीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणवून घेतलेल्या बाईचा गुणाकार बंद होत नसतो.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही डाउनटाउनला जाता शनिवारी, मुलाच्या गाडीतून, मुलाच्या वेळेने, आणि बसता तो म्हणेल त्या दुकानात. म्हणजे पाहुण्यासारख्या. पाहुण्यावर खर्च होणारच, आणि पाहुण्याला तो टोचणारच. एकदा मुलाला घरी ठेवून, कामाच्या दिवशी, तुम्ही दोघंच जाऊन बघा. सून घरून काम करते त्या दिवशी तिने सकाळी नऊला सोडायचं आणि जेवणाच्या सुट्टीत घ्यायला यायचं. मुलाकडे पैसे मागायला तुम्हाला जड जातं ना? मग पैसे मागूच नका, सोडायला सांगा.

उतरायचं मेन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला, हयात हॉटेलपाशी. घ्यायला बोलवायचं खाली नदीपाशी. रस्ता नदीकडे उतरत जातो. मी पहिल्या दिवशी हे उलटं केलं आणि संध्याकाळी दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत बसले.

आता त्या रस्त्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे नुसतं चालत गेल्यासारखं होणार नाही. आज तुम्हाला दिसतात ती झाडं, रुंद फुटपाथ, मधे अरुंद दुपदरी रस्ता, हे सगळं सत्तरच्या दशकात नव्हतं. तेव्हा तो चौपदरी हमरस्ता होता, आणि गिऱ्हाईक बाहेरच्या मॉलकडे गेल्यामुळे दुकानं ओस पडत चालली होती. १९७१ ते १९७९ या काळात मॅक्स हेलर नावाचे गृहस्थ तिथले महापौर होते. हा माणूस मूळचा व्हिएन्नाचा, ज्यू. तरुणपणी तिथे फिरायला आलेल्या ग्रीनव्हिलच्या एका मुलीबरोबर, मेरी मिल्सबरोबर, तो एका संध्याकाळी नाचला होता. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, ऑस्ट्रिया नाझींच्या हातात गेला आणि याने त्या तेवढ्याशा ओळखीवर तिला पत्र लिहिलं : मदत कर. तिने गावातल्या शर्टांच्या कारखान्याच्या मालकाला गाठून त्याच्यासाठी नोकरीचं पत्र मिळवलं. ग्रीनव्हिलला आल्यावर त्याचं पहिलं काम होतं कारखान्याची फरशी झाडणं. पुढे त्याने स्वतःचा शर्टांचा कारखाना काढला, आणि नंतर महापौर झाला. गावातून चालत जावं, झाडाखाली टेकावं, रस्त्याकडेला बसून कॉफी प्यावी, हे त्याने लहानपणी पाहिलेलं होतं. लॉरेन्स हॅल्प्रिन या नावाजलेल्या वास्तुरचनाकाराकडून त्याने रस्त्याचा आराखडा करून घेतला आणि चार पदरांचे दोन करून टाकले. दुकानदारांना ते फारसं रुचलं नसणार. आपल्याकडे रस्ता अरुंद करायचं नुसतं नाव काढून बघा! हेलरचा पुतळा याच रस्त्यावर आहे. त्याच्यापाशी थोडं थांबा.

याच पट्ट्यात, हयातपासून पॉइन्सेट हॉटेलपर्यंत, नऊ उंदीर आहेत. खरे नव्हेत, ब्राँझचे, बोटभर लांबीचे. कुठे भिंतीच्या कडेला, कुठे कारंज्यापाशी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. गावातल्या हायस्कुलातल्या एका विद्यार्थ्याने शाळेच्या प्रकल्पासाठी ही कल्पना मांडली. एका प्रसिद्ध बालपुस्तकात पानापानावर उंदीर शोधायचा असतो, त्यावरून त्याला ती सुचली. २००० मध्ये उंदीर बसलेही. तुम्ही शिक्षिका, म्हणून सांगते : मुलाने प्रकल्प केला, आणि तो खोलीत धूळ खात न पडता रस्त्यावर लागला. उंदीर शोधण्यासाठी कोड्यांसारख्या खुणांची यादी मिळते, इंटरनेटवरही आहे. पण पहिल्यांदा यादीशिवाय शोधा, नाहीतर अर्ध्या तासात संपेल. मला आठ सापडले. नववा दोन्ही मुक्कामांत सापडला नाही, आणि मुलीला विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे.

पुढे वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक मुलगा आणि एक मुलगी पायऱ्या उतरून येताहेत असा पुतळा आहे. तिथून पटकन पुढे जाऊ नका. ती मुलं स्टर्लिंग हायस्कूलची, काळ्या मुलांसाठी वेगळ्या असलेल्या शाळेची. कोपऱ्यावर तेव्हा वूलवर्थचं दुकान होतं. तिथल्या खाण्याच्या टेबलावर काळ्यांना बसायची मुभा नव्हती आणि १९६० मध्ये ही मुलं तिथे जाऊन बसली. त्याच वर्षी १६ जुलैला आठ विद्यार्थी गावातल्या गोऱ्यांच्या वाचनालयात जाऊन बसले आणि त्यांना अटक झाली. त्यांतला एक होता जेसी जॅक्सन, याच गावात जन्मलेला, पुढे काळ्यांच्या हक्कांच्या लढ्यातला मोठा नेता झालेला. कॉलेजच्या कामासाठी त्याला पुस्तक हवं होतं, आणि ते काळ्यांच्या छोट्या वाचनालयात नव्हतं. वाचनालयाने काय करावं? सगळ्यांना आत घेण्याऐवजी सप्टेंबरमध्ये दोन्ही वाचनालयांना कुलूपच ठोकलं. ते फार दिवस टिकलं नाही. त्याच महिन्यात दारं उघडली, ती सगळ्यांसाठी. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला महाडचं तळं आठवलं. तिथे पाणी होतं, इथे पुस्तक.

आज त्या वाचनालयाची मोठी नवी इमारत वरच्या टोकाजवळच, हेरिटेज ग्रीन नावाच्या आवारात आहे. आत बसायला, वाचायला काही पडत नाही, एसी आहे, स्वच्छतागृह आहे. ऊन वाढलं की माझा मुक्काम तिथे. पुस्तक घरी न्यायला कार्ड लागतं; ते मुलाच्या नावावर काढता येईल.

त्याच आवारात ग्रीनव्हिल काउंटीचं कलासंग्रहालय आहे. प्रवेश फुकट. सोमवार-मंगळवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. अँड्र्यू वायथ या चित्रकाराच्या जलरंगांसाठी लोक तिथे येतात. मीही पाहिले, आवडले. पण मी पुन्हा पुन्हा गेले ती मडक्यांसाठी. मडकी कसली, रांजणच ते. डेव्हिड ड्रेक हा याच राज्यातल्या एजफील्डकडचा गुलाम कुंभार. त्याचे भलेमोठे, काचेसारखा झिलईचा थर असलेले रांजण तिथे ठेवले आहेत. मळ्यांवर खारवलेलं मांस साठवायला असे रांजण लागत. गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं त्या राज्यात १८३४ पासून गुन्हा होता. आणि हा माणूस ओल्या मातीवर स्वतःचं नाव आणि तारीख कोरायचा, कधीकधी दोन ओळींचं यमकही. एका रांजणावर १८५७ साल आहे आणि मजकुराचा अर्थ असा : माझी नातीगोती सगळी कुठे असतील, कोण जाणे, मैत्री मात्र साऱ्यांशी, सर्व देशांशी. घरची माणसं विकली जाऊन कुठल्या कुठे पांगलेली, आणि हा मातीवर दोन ओळी लिहून ती भट्टीत घालतो. गोरोबाकाकांचे अभंग तुम्ही वर्गात शिकवले असतील. पंढरीची वाट ठाऊक असलेल्या बाईला त्या काचेपुढे उभं राहिल्यावर वेगळं समजावून द्यायला नको.

आता नदी. धबधबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे ठोसेघर येत असेल, तर ते आधी पुसून टाका. रीडी नदीचा हा धबधबा बुटका आहे, खडकांवरून टप्प्याटप्प्याने घरंगळत उतरणारा. पण तो भर गावात आहे, मेन स्ट्रीटवरून दोन मिनिटांवर, आणि त्याच्याभोवती फॉल्स पार्क नावाची बाग आहे. तिकीट नाही. प्रीतिसंगमावर संध्याकाळी बसायची सवय असलेल्या माणसाला इथे करमणार नाही असं होणारच नाही.

या नदीची कथाही ऐकण्यासारखी आहे. ग्रीनव्हिल म्हणजे कापडगिरण्यांचं गाव. गिरण्यांचं रंगीत पाणी नदीत सुटायचं, आणि त्या दिवशी गिरणीत जो रंग चालू असेल त्या रंगाची नदी दिसायची, असं जुनी माणसं सांगतात. इचलकरंजीकडे पंचगंगेचं जे झालं ते तुम्हाला सांगायला नकोच. त्यात १९६० मध्ये बरोबर धबधब्यावरून काँक्रीटचा चौपदरी पूल टाकला, आणि गावाला आपल्याकडे धबधबा आहे याचाच विसर पडला. १९६७ पासून बागकाम करणाऱ्या बायकांच्या एका मंडळाने खालची जमीन साफ करायला घेतली. बायकांचं मंडळ म्हटल्यावर हळदीकुंकू डोळ्यांपुढे येतं, पण यांनी सव्वीस एकर मोकळे केले. पुढे २००२ मध्ये तो चांगला चालता पूल पाडला, आणि २००४ मध्ये त्या जागी फक्त पायी चालणाऱ्यांसाठी लिबर्टी ब्रिज झाला. साडेतीनशे फुटांहून लांब, धनुष्यासारखा वाकलेला, आणि तो ज्यावर टांगलाय ते दोर एकाच बाजूला! दुसरी बाजू मोकळी, म्हणून त्या कठड्याशी उभं राहिलं की मधे काहीच येत नाही, खाली पाणी आणि वर आभाळ. तुमच्या ह्यांना विचारा, एका बाजूने टांगलेला पूल उलटत का नाही? निदान तासभर टीव्ही आठवणार नाही.

डबा घेऊन जा. धपाटे, दह्यात कालवलेली चटणी, केळी. तिथल्या हिरवळीवर ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी नसते, सगळे चादरी अंथरून बसतात आणि कुणी कुणाच्या डब्यात डोकावत नाही. पाण्याची बाटली घरून भरून न्या. बागेत सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. आपल्या वयाला ही माहिती पुलाच्या लांबीपेक्षा महत्त्वाची. खडकांवरून पाण्यात मात्र उतरू नका. पोरं उतरतात, पण ते शेवाळलेले आहेत आणि शहरातून वाहून आलेलं पाणी काही तीर्थ नव्हे.

शनिवार मुलासाठी ठेवा. मे ते ऑक्टोबर दर शनिवारी सकाळी मेन स्ट्रीटवर शेतकऱ्यांचा बाजार भरतो, आठला सुरू होऊन बारापर्यंत आटोपतो. नुसतं हिंडायला पैसे लागत नाहीत. पीचचा हंगाम आता सुरू होतोय. पीच म्हटलं की लोक शेजारच्या जॉर्जियाचं नाव घेतात, पण पिकतात जास्त साउथ कॅरोलायनात, आणि हे तिथल्या माणसाला सांगितलंत तर दोन फळं जास्त मिळतील. भेंडी दिसेल, तिला ते ओक्रा म्हणतात, आणि ती जून असते. दाबून बघून घ्या. आणि उकडलेल्या शेंगा! हो, आपल्याच. अख्ख्या अमेरिकेत शेंगा भाजून खातात, आणि या दक्षिणेकडच्या राज्यांत मीठ घालून तासन् तास उकडतात. साउथ कॅरोलायनाने तर २००६ मध्ये त्यांना राज्याचा अधिकृत खाऊच ठरवून टाकलं. आपल्यापेक्षा खूप जास्त वेळ शिजवतात, दाणा अगदी मऊ होतो, टरफलातलं खारट पाणी ओठांवर येतं. बाजारात दिसल्या तर उत्तमच. नाही तर गावाबाहेरच्या रस्त्यांवर पाट्या असतातच. साध्या मिठाच्या घ्या. त्या ‘केजन’ मसाल्याच्या नकोत, नुसती तिखटाची फसवणूक.

तुमच्या ह्यांचं काम राहिलं. क्रिकेट बघत असतीलच. बेसबॉलच्या मैदानाजवळ एका छोट्या विटांच्या घरात शूलेस जो जॅक्सन या जुन्या बेसबॉलपटूचं संग्रहालय आहे. तेही फुकट, पण बहुधा शनिवारीच उघडं असतं, म्हणून आधी वेळ बघून जा. हा गिरणीत वाढलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला पोरगा. नवे बूट चावले म्हणून एका सामन्यात नुसत्या मोज्यांवर खेळला, तेव्हापासून त्याचं नाव पडलं अनवाणी जो. १९१९ च्या अजिंक्यपदाच्या मालिकेतल्या सामनेनिश्चितीच्या प्रकरणात त्याच्या संघातल्या आठ जणांवर आजन्म बंदी आली, त्यात हाही. कोर्टाने निर्दोष सोडलं तरी बंदी राहिली. त्याने खरंच जाणूनबुजून वाईट खेळ केला का, यावर लोक अजून वाद घालतात, कारण त्या मालिकेत त्याची फलंदाजी उत्कृष्ट होती. पुढे गावातच दारूचं दुकान चालवून १९५१ मध्ये तो वारला. बंदी उठली २०२५ मध्ये! घराचा क्रमांक ३५६ आहे, कारण त्याची कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी .३५६. हिशेब खात्यातल्या माणसाला हा पत्ता आवडेल. अझरुद्दीनच्या वेळचे वाद त्यांना आठवत असतील तर संग्रहालयातल्या लोकांशी गप्पा रंगतील, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. तिथली माणसं बोलकी आहेत, ‘हाउ आर यू’ला उत्तर दिलंत तर थांबून ऐकतात.

बाकीचं थोडक्यात. डाउनटाउनमध्ये जुन्या ट्रामसारखी दिसणारी ट्रॉली फिरते, तिकीट नाही, पण ती मुख्यतः आठवड्याच्या शेवटी असते. वेळापत्रक सुनेला बघायला सांगा. उन्हाळ्यात संध्याकाळी उघड्यावर गाण्याचे फुकट कार्यक्रम होतात. खुर्ची घरून न्यायची, आवाज फार असतो, मी अर्ध्यातून उठले. स्वॅम्प रॅबिट ट्रेल म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावर केलेली पायवाट, बागेतूनच जाते. सकाळच्या फेरीला सपाट आणि उत्तम, फक्त सायकलवाले मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ असं ओरडतात तेव्हा दचकून डावीकडे सरकू नका, उजवीकडेच राहा. जून ते ऑगस्ट दुपारी उकाडा आणि मग गडगडाटी पाऊस, म्हणून जे काय ते बाराच्या आत. छत्री जवळ ठेवा.

खर्च लपलेला असतो तो दोन ठिकाणी. पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर वाढतो. आणि कॉफीच्या दुकानात पैसे देताना पडद्यावर अठरा, वीस, पंचवीस टक्के बक्षिसी असे चौकोन येतात, मागे रांग उभी असते, आणि आपण घाबरून मधला दाबतो. काउंटरवरून स्वतः कप उचलून न्यायचा असेल तर ‘नो टिप’ दाबलं तरी कुणी काही म्हणत नाही. टेबलावर वाढणारा असेल तिथे मात्र द्यायलाच हवी, त्यांचा पगारच त्यावर चालतो.

राहिला मुलगा. तो चाळीस डॉलरवरून चिडला नाही, वहिनी. त्याने हौसेने आणलं आणि तुम्ही बिल वाचून दाखवलंत, त्याचा त्याला राग आला. पंधरवड्यातून एकदा त्याच्याबरोबर त्या महागड्या दुकानात जा, एक कॉफी दोघांत घ्या, आणि गुणाकार मनातल्या मनात करा. आणि बाजाराच्या दिवशी शेंगांची पिशवी तुमच्या पर्समधून काढलेल्या डॉलरने घ्या, त्याला देऊ देऊ नका. पेन्शनीतले थोडे पैसे डॉलरमध्ये करून जवळ ठेवले आहेत ना? नसतील तर ठेवा. मी मुलीच्या हातात तशी पिशवी दिली तेव्हा ती गाडी चालवता चालवता टरफलं माझ्या ओंजळीत टाकत होती, शाळेतून येताना टाकायची तशी.

पाय दुखतात हे आता सांगू नका, पुढच्या वेळी खरंच दुखतील. पहिल्या फेरीला मेन स्ट्रीटच एवढी पुरे. संग्रहालय आणि नदी एकाच दिवशी करायला जाऊ नका. आणि नववा उंदीर सापडला तर मला जरूर कळवा, पण कुठे ते लिहू नका. दिवाळीनंतर मी पुन्हा जाणार आहे.